कठडा नसलेली जागा

अ‍ॅरिझोना, ४ मे १९७३

तीर्थरूप भाऊंना निर्मलकुमारचा पायांना हात लावून नमस्कार.

जूनमध्ये तुम्हा तिघांना दाखवायची ती वाळवंटातली दरी मी रविवारी बघून आलो. आपला सातपुडा तिच्यात मावेल. सूर्यास्ताआधी जेवणाची सोय होईल, आईला सांगा. तिचे गुडघे कसे आहेत?

दरीच्या कडेला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. तुमची सून तुमच्यासमोर हनुवटीपर्यंत पदर ओढते. समोरचं तिला दिसत नाही. सावद्याला ती दुकानाच्या पायरीवरून पडली, तेव्हा पाय घसरला असं मीच सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं.

माझं ती ऐकणार नाही. तुम्ही स्वतः म्हणालात तरच पदर वर करेल. तुम्हाला ते जमणार नसेल, तर तिघांची तिकिटं मी परत करतो.

अजूनही आपला आज्ञाधारक,
निर्मल