मजुरीची लाखोळी

हैदराबाद
ता. २ ऑगस्ट १९८६

ती. खुशालभाऊस,
कांताचा सा. जयभीम, वि. वि. तुझं पत्र पोचलं. बाबांच्या पायांना रोज तेल लावतोस ना? हात राखून लावू नकोस, तुझा आळस मला माहीत आहे.

प्रयोगशाळेत दिवसभर मी करते तरी काय, असं विचारलंस. तर ऐक. झाडाच्या जखमेतून आत शिरणारा एक जंतू असतो. शेजारच्या वच्छलाकाकूच्या झेंडूच्या बुडाशी गाठ आली होती, ती त्याचीच करणी. तो आपला एक गुण झाडाच्या पेशीत घुसवतो आणि झाड मुकाट्याने गाठ वाढवत बसतं. आम्ही त्याच्यातला गाठीचा गुण काढून आपल्याला हवा तो भरतो. मग पानाचे तुकडे कापून दोन दिवस त्याच्या संगतीत ठेवतो आणि नंतर एका औषधावर मांडतो. ज्यांच्यात गुण शिरला ते हिरवे राहतात, बाकीचे पांढरे पडून मरतात. तंबाखूत मला हे साधलं. आता लाखोळीच्या रोपात शिरून तिच्या डाळीतलं पाय वाळवणारं विष बंद करायचं आहे.

इथले लोक म्हणतात, मी गरिबांची सेवा करते. सेवा कसली डोंबलाची! रामाजी पाटलाने बाबांना अकरा वर्षं मजुरीत लाखोळीच दिली. बाजारात विकायला बंदी, म्हणून मजुराच्या पदरात. आपल्या घरी दुसरं काही शिजतच नव्हतं. मला त्याचा सूड घ्यायचा आहे.

काकूला नमस्कार सांग. माझ्यावरची माया आहे तेवढी ठेव, वाढवलीस तर चालेल.
तुझी,
कांता


मु. कोसमटोला, ता. आरमोरी
ता. ८ सप्टेंबर १९८६

चि. कांतास,
खुशालभाऊचे अ. आ. व जयभीम. इकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. ठीक काही नाही.

पोळ्याच्या दिवशी बाबा हट्टाने दोन काठ्या टेकत तोरणापाशी बैल बघायला आले. तिथे रामाजी पाटील सगळ्या गावादेखत बाबांचं नाव घेऊन म्हणाला की माहे बैल लाखोळीचं कुटार खाऊन कसे धावतेत पाहा, अन् हा लटारू लाखोळीच खाऊन कसा बसला. लोक हसले. कांता, बाबाही हसले. मग घरी येऊन जेवले नाहीत.

मी कुऱ्हाड काढली होती. वच्छलाकाकूने ती ओढून घेतली आणि म्हणाली की तू जेलात गेला तं तुह्या बापाले उचलून कोण बसवीन. तेव्हा मला तुझं पत्र आठवलं. तुझा जंतू हवं ते घुसवतो ना? मग लाखोळीत दुप्पट विष घुसव आणि एक पिशवी बी पाठव. पाटलाच्या घरी लाखोळीचे वडे आवडीने खातात. दसऱ्यानंतर त्याच्या उभ्या धानात बी मुठीने फोकायला मीच जातो.

तू शिकावीस म्हणून मी सातवीत शाळा सोडली. आजवर त्याबद्दल काही मागितलं नाही, आज मागतो. आणि काकूने कुऱ्हाड कुठे लपवली ते मला माहीत आहे.

भावावर जीव असेल तर उत्तर लिही, नसेल तर नुसतं बी पाठव.
खुशाल


हैदराबाद
ता. २४ सप्टेंबर १९८६

ती. भाऊस,
सा. जयभीम. बाबाही हसले, हे तुझं वाक्य मला दुसऱ्यांदा वाचता आलं नाही.

सोबत पिशवी पाठवते. आजवर मी जेवढी लाखोळी तपासली, तिच्यात सर्वांत जास्त विष या दाण्यांत आहे, हे शपथेवर सांगते. आपल्या घरात एक दाणा शिजता कामा नये, कोंबड्यांनाही टाकू नकोस. पाटलाच्या बियाण्यातच मिसळ, दुसऱ्या कोणाच्या नको.

आणि कुऱ्हाड काकूच्या हवाली कर. ती मिळाल्याचं तिचं पत्र मला हवं. लिहिता येत नाही अशी सबब तिने सांगू नये, अंगठा चालेल.

रागात आहेस तोवर माझं एवढं ऐक, मग हवं तेवढं रागाव.
कांता


मु. कोसमटोला
ता. ३ मार्च १९८७

चि. कांतास,
अ. आ. व जयभीम. हे पत्र वाचून फाडून टाक.

बी मी दसऱ्यानंतर पाटलाच्या बियाण्यात मिसळून फोकलं. चार महिने मी खुशीत होतो. धान कापल्यावर लाखोळी निळी फुलली. पाटील बांधावरून जाताना दिसला की मी मनात म्हणायचो, खाय आता.

गेल्या महिन्यात काढणीचं ठरलं. वच्छलाकाकू घरी येऊन म्हणाली की यंदा पाटील रोजाले दोन पायली लाखोळी देऊन राह्यला. कांता, माझ्या डोक्यात एकटा पाटील होता! तो वर्षातून दोनदा वडे खाणार. बाकी सगळी रास आपल्याच मोहल्ल्याच्या चुलींवर शिजणार होती, बाबांच्या वेळी शिजली तशी.

विहारासमोर सगळ्यांना जमवून मी कबूल केलं की त्या लाखोळीत विष आहे आणि ते मी पेरलं. काकूने चपलेने मारलं. बरं केलं. दुसऱ्या दिवशी काढणीला एकही माणूस गेला नाही. पाटील तीन पायली म्हणाला, मग चार म्हणाला. काकू त्याला म्हणाली की आमाले धान दे, लाखोळी तू खाय. शेंगा उभ्या उभ्या तडकल्या. आठव्या दिवशी तो धानावर आला. आता लोक प्रत्येक कामाला धानच मागतात.

पण तो चिडला आहे. उरलेली लाखोळी पोत्यात भरून, पंचांसमोर शिक्का मारून सरकारी तपासणीला पाठवतो म्हणतो. विष निघालं की मी आत. बाबा म्हणतात की नाव माहं सांग, मी इथी बसूनच राह्यतो, तिथीही बसून राहीन. तुझं नाव मी घेतलेलं नाही आणि घेणारही नाही.

काय करू ते लवकर कळव. तुझ्याशिवाय विचारायला मला कोण आहे?
खुशाल


हैदराबाद
ता. ११ मार्च १९८७

ती. भाऊस,
सा. जयभीम. पत्र फाडलेलं नाही. घाबरू नकोस, आधी खाली बस.

पहिली माझी लाज सांगते. लाखोळीत मला आजवर काहीही घुसवता आलेलं नाही. तीन हजार तुकडे कापले, औषधावर सगळेच्या सगळे पांढरे पडले. तंबाखूच्या जोरावर मी तुझ्यापुढे फुशारकी मारली. तू दुप्पट विष मागितलंस, ते करणं माझ्या हातात नव्हतं. असतं तर त्या दिवशी मी केलं असतं, हेही लपवत नाही. चुली कोणाच्या, हा विचार तेव्हा मलाही सुचला नव्हता.

मग पिशवीत काय होतं? दोन वर्षांपूर्वी मी चाळीस गावांच्या खळ्यांवरून पसा पसा लाखोळी तपासायला आणली होती. सर्वांत वरचा आकडा ज्या खळ्याचा आला, त्याचीच पिशवी तुला पाठवली. ते खळं रामाजी पाटलाचं. त्याचं बी त्याच्याच धानात पडलं, भाऊ. तू एक दाणाही जास्त विषारी केला नाहीस. बाबांचे पाय ज्याने वाळले, तेच हे. तुला तेव्हाच सांगितलं असतं तर तू पुन्हा कुऱ्हाड उचलली असतीस.

तेव्हा पाटलाला मुळीच अडवू नकोस. शिक्का नीट बसला का, ते तू स्वतः बघ. त्याच्या कोठीत मागच्या साली मजुरांना वाटून उरलेली जुनी लाखोळी असेल, तू हात लावण्याआधीची. पंचांना सांग, तिचंही एक पोतं सोबत जाऊ द्या. दोन्हींचा आकडा एकच येईल, आणि दोन्ही पोत्यांवर सही त्याची असेल.

त्या दिवशी बाबांना बैलबंडीत घालून ने आणि पंचांच्या शेजारी बसव. लहान बहिणीने पाच महिने तुला फसवलं, त्याचा राग माझ्यावर काढ, पण माया आटू देऊ नकोस.
तुझी,
कांता