बोकडाची उडी आणि माझा कॅमेरा

तीर्थस्वरूप दाजी यांना,

मेव्हण्याचा नमस्कार. गुडघे वाकतात तेवढंच वाकून केला आहे, उरलेला भावनेने धरून घ्यावा. तुमची साखर आटोक्यात असेल, ताईचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. मी बरा आहे. (बरा म्हणजे नक्की कसा, हे या वयात खोदून विचारायचं नसतं.)

तुमचं पत्र मिळालं. आपल्या पोस्टमन बोकडाच्या कॉम्प्युटर गेमला तीस वर्षं पुरी झाली, त्याची नवी आवृत्ती निघते आहे, सोबत आठवणींचं पुस्तक निघणार आहे आणि त्यात ‘जुन्या सहकाऱ्याचे दोन शब्द’ हवेत, असं तुम्ही लिहिलंत. शेवटच्या ओळीत, जाता जाता छत्री विसरल्यासारखं, नव्या टीमने जुना कॅमेरा मुळापासून काढून टाकायचं ठरवलं आहे, हेही कळवलंत. दाजी, त्या खेळात माझं म्हणण्यासारखं तेवढं एकच आहे. उडी तुमची, टेकड्या आणि मनोरे त्या चित्रकार बाईंचे, संगीत दाढीवाल्याचं. बोकडाच्या पाठीमागून फिरणारी खेळणाऱ्याची नजर, म्हणजे कॅमेरा, तो माझा. आणि खेळ संपल्यावर जी नावं वर सरकत जातात त्यात मी नाही, कारण पडद्यावर जागा संपली असं तुम्ही तेव्हा म्हणाला होतात. (खालच्या मजल्यावरच्या टायरवाल्याचं नाव मात्र ‘विशेष आभार’मध्ये ऐसपैस बसलं आहे. त्याने आपल्याला एकदा शिडी दिली होती.)

बोकडाची कीर्ती काही केल्या मरत नाही, हे मी तुम्हाला काय सांगावं. दरवर्षी कुठे ना कुठे सर्वोत्तम खेळांची यादी निघते, बोकड पहिल्या दहात असतोच, आणि खाली ठरलेलं वाक्य असतं: उडी अजरामर, कॅमेरा भयंकर. एका मुलीने तुमच्या उडीवर तीनशे पानांचा प्रबंध लिहिला. त्यात कॅमेऱ्याला एक तळटीप आहे, आणि तळटिपेत एकच शब्द आहे, ‘दुर्दैवी’. मागच्या महिन्यात दाढ दुखत होती म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेलो, तर त्याच्या कपाटात औषधांच्या शेजारी आपल्या बोकडाचं खेळणं, टपालाच्या पिशवीसकट. माझ्या तोंडात दोन नळ्या आणि एक आरसा घालून झाल्यावर तो गृहस्थ म्हणाला, “काय खेळ होता हो! फक्त तो कॅमेरा कोणत्या गाढवाने केला, ते एकदा कळायला हवं.” मी “आ” म्हणालो. त्याला वाटलं दुखतंय, त्याने आणखी एक इंजेक्शन दिलं. घरी आलो तर जावईबापू आलेले, अर्धा चेहरा बधिर असताना त्यांचंही तेच पुराण ऐकलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि भाजी वाढायला आत गेली. तिला माहीत आहे. तिने नवऱ्याला सांगितलेलं नाही, आणि ती मला वाचवते आहे की स्वतःला, हे विचारण्याची माझी छाती होत नाही.

आता जरा जुनं उकरतो. आपल्या ऑफिसच्या त्या दोन खोल्यांत एक नियम होता, तुम्हीच केलेला. लाल प्लास्टिकचा मग ज्याच्या मॉनिटरवर असेल, त्यानेच मुख्य डिस्कला हात लावायचा. बाकीच्यांनी आपापल्या जागी हात बांधून बसायचं. डिस्क प्रती काढायला कारखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी मग माझ्याकडे होता. आणि त्याच दिवशी ताईची दाढ उपटायची होती. तुम्हाला वेळ नव्हता, म्हणून तुमच्या बायकोला घेऊन मी गेलो. (दातांचे डॉक्टर माझ्या पत्रिकेतच आहेत.) मग तसाच मॉनिटरवर ठेवून गेलो. तेवढ्यात तुम्ही, मग न घेता, न विचारता, बोकडाची उडी दीडपट केलीत. हाताला गोड लागली म्हणून! मी कॅमेरा बेतला होता तो जुन्या, बुटक्या उडीला. नव्या उडीत बोकड मनोऱ्यात उंच गेला की कॅमेरा मागे सरकून भिंतीत घुसतो, खेळणाऱ्याला नुसत्या विटा दिसतात आणि बोकड खाली पडतो. म्हणजे जग ज्याच्यावर फिदा आहे ती उडी आणि जग ज्याला शिव्या घालतं तो कॅमेरा, ही एकाच दुपारची जुळी पोरं आहेत. एक तुम्ही कडेवर घेतलंत, दुसरं माझ्या दारात ठेवलंत. तीस वर्षं मी हे कुठे बोललो नाही, कारण ताईच्या संसारात मला काडी टाकायची नव्हती. पण मनात जळत राहिलो, दाजी. खोटं कशाला सांगू?

तेव्हा माझे दोन शब्द असे: ‘मग मागा.’ छापायचे तर छापा.

ताईला नमस्कार. तिला उरलेल्या दातांची काळजी घ्यायला सांगा.

तुमचा आज्ञाधारक (म्हणूनच ही वेळ आली),
मेव्हणा

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, परत काढलं. एक गोष्ट वर लिहिली नाही. त्या दिवशी मी चार वाजता परत आलो होतो. तुम्ही सगळे एका मशीनभोवती गोळा होऊन बोकडाला उड्या मारायला लावत होतात, हसत होतात. मी पलीकडे माझ्या मशीनवर खेळून पाहिलं. उडी खरंच सुंदर होती. मनोऱ्यात गेलो आणि विटा दिसल्या. कॅमेरा नीट करणं तासाभराचं काम होतं, लाल मग माझ्याच मॉनिटरवर होता. पण मला कोणी हाकही मारली नाही. म्हटलं, जाऊ दे असंच, खाऊ देत यांना लोकांच्या शिव्या. तुम्ही विचारलंत, “सगळं ठीक?” मी म्हणालो, “ठीक.”

ता. क. दुसरा. म्हणून खरी विनंती. नवा कॅमेरा खुशाल करा. पण जुनाही एखाद्या बटणामागे राहू द्या आणि त्याखाली माझं पूर्ण नाव घाला. आजवर मी तो तुमची चूक म्हणून वागवला. ती चूक नव्हती आणि तुमची तर मुळीच नव्हती. शिव्या पडायच्याच असतील तर निदान नाव घेऊन पडू देत. जावईबापूंना मी स्वतः सांगेन.

ता. क. शेवटचा. लाल मग वेगळ्या पार्सलने पाठवतो आहे. इतकी वर्षं तो माझ्याच टेबलावर होता, त्यामुळे नियमाने तुम्हाला अजून काहीच बदलता आलं नसतं. माझं नाव घालताना तो जवळ ठेवा.