दिपेशचा पंखा

४ मे, रविवार

आजही तीच घरघर! माझं बोलून झालं, दिपेशला बोलावलं, माइकचं बटण सोडलं, आणि त्याच्या "गुड मॉर्निंग सर"च्या मागे पिठाची गिरणी सुरू. विचारलंच मग – अरे, आंबिवलीहून रेडिओवर बोलतोयस की ज्वारी दळतोयस? नेटवर, म्हणजे आमच्या रोजच्या रेडिओ-मंडळीत, सगळे हसले. तोही हसला. "सॉरी सर, सेटचा फॅन असेल. बघतो मी."

असेल! स्वतःच्या सेटचा पंखा वाजतो की नाही, हे या गृहस्थाला नक्की माहीत नाही. आणि लायसन्सधारी हॅम, हौशी रेडिओवाला!

हेमा म्हणाली, "अहो, चारचौघांत एवढं टोचायची काय गरज होती?" मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये छत्तीस वर्षं काढली. लाइनवरची खरखर ओळखायचाच पगार घेतला. मी नाही बोलायचं तर कोणी?

५ मे

घरघर आहेच.

६ मे

सकाळी सातला नेट उघडतो मी. तीन वर्षांत एक दिवस चुकला नाही, तापातसुद्धा नाही. आधी माझं प्रास्ताविक – हवामान, अँटेना, थोडी शिस्त. दहा-बारा मिनिटं. हेमा त्याला प्रवचन म्हणते. म्हणू दे. मग हजेरी, गावांच्या अक्षरक्रमाने, म्हणजे कोणी रुसायला नको: आंबिवलीचा दिपेश, कोपरचा सलिल, ठाण्याची रसिका. दिपेश वर्कशॉपमध्ये, सलिल बँकेत, रसिका कॉलेजच्या लॅबमध्ये. मी सोडून सगळे घाईत.

प्रत्येकाने दुसऱ्याला रिपोर्ट द्यायचा. बोलणं किती स्पष्ट, ते पाचापैकी. सिग्नल किती जोरात, ते नवापैकी. आणि आमच्या लोकांची सवय काय? सगळ्यांना पाच-नऊ! समोरच्याचं अवाक्षर कळलेलं नसतं – "यू आर फाइव्ह-नाइन, जरा परत सांगता का?" हा शिष्टाचार म्हणे. मी याला ढोंग म्हणतो. दिपेशला मी आज तीन-नऊ दिला. लागलं असेल. लागू दे.

मला तिघांचेही पाच-नऊ. वहीत नोंदवले. ते मात्र खरे, कारण माझा सेट कसा ठेवलाय ते मला माहीत आहे.

९ मे

हेमाला माझ्या टेबलाखाली केर काढायचा असतो. तिथे पायाशी सेटला वीज देणारी पॉवर सप्लायची जड पेटी, तिच्या शेजारी स्पीकर, वायरी. "हे सगळं उचला तरी, नाहीतर मला सांगू नका की धूळ दिसते." मग म्हणाली, "आणि तुमचं भाषण संपलं की या खोलीत बसवत नाही." माझ्या बोलण्यावर टोमणा मारल्याशिवाय बाईंचा दिवस जात नाही. हेडफोन लावायचीही सोय नाही, कारण कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडे आहे.

१० मे

दिपेशने पंख्यात शिलाई मशिनचं तेल घातलं. काल रात्रपाळी करून आल्यावर घातलं, हे कौतुकाने सांगितलं. घरघर जशीच्या तशी. आता तेलकट, एवढंच.

१२ मे

पंख्याच्या चार स्क्रूंखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले म्हणे. "आता व्हायब्रेशन जाईल सर." गेलं नाही. नेटवर सांगितलं की, बाबा रे, पंखा बसव, पंक्चर काढू नकोस. रसिका हसली असं वाटलं. नंतर म्हणाली, सर, खोकला होता.

१३ मे

मनमानी नको म्हणून आज सगळ्यांना विचारलं. सलिल, तुला दिपेशच्या मागे आवाज येतो की नाही? "हो काका... म्हणजे, जरा जाणवतो." रसिका? "तुम्ही म्हणताय तर असणारच सर." झालं. एकमत. वहीत तसं लिहून ठेवलं.

१५ मे

१ जूनला पावसाळ्याआधीचा आपत्तीचा सराव आहे. मोबाईल बंद पडले असं धरून चालायचं आणि आपण रेडिओवरून निरोप पोहोचवायचे. स्टेशनांची यादी मी करणार. वीस तारखेपर्यंत ठाण्याच्या आपत्ती कक्षाला द्यायची. डोंबिवली म्हणजे मी, कोपर, ठाणे पक्के. आंबिवलीपुढे प्रश्नचिन्ह टाकलं. साहेबलोक ऐकायला बसणार आणि त्यांना काय गिरणी ऐकवायची?

नेटवर हे जाहीर केलं. दुपारी दिपेशचा फोन.

"सर, मला काढू नका. पाणी भरलेलं त्या साली आमच्या गल्लीत सगळ्यांचे फोन बंद. आई शेजारच्यांच्या गच्चीवर होती आणि मी कामावर अडकलेलो. दोन दिवस मला माहीतच नाही ती आहे का नाही. त्याच्यासाठीच तर लायसन्स काढलं ना मी."

बरं नाही वाटलं ऐकून. पण भावना वेगळी आणि ऑडिओ वेगळा. म्हटलं, वीसपर्यंत पंखा गप्प कर, नाव पक्कं. "करतो सर. काही पण करून करतो."

हेमाने सगळं ऐकलं होतं. चहाचा कप जरा जोरातच ठेवला.

१८ मे, रविवार

घसा बसला. आंब्याचा परिणाम. दोन वाक्यांत नेट उघडलं आणि हजेरी घेतली. दिपेश म्हणाला, "सर, पंख्याची वायरच काढून टाकली. आता ऐका."

ऐकलं. स्वच्छ! नदीकाठच्या पहाटेसारखं. पाठीमागे एक कोंबडा तेवढा, तो चालेल. लगेच पाच-नऊ दिला – मी! – आणि यादीत आंबिवली पक्कं केलं. पंख्याशिवाय सेट तापेल, जपून बोल, असंही सांगितलं. म्हणजे माझं कर्तव्य झालं.

हेमाला म्हटलं, बघ, टोचलं म्हणूनच सुधारलं ना? ती म्हणाली, "गरम पाणी प्या."

१९ मे

घसा सुटला. म्हणून आज शांत ऑडिओचं महत्त्व या विषयावर जरा सविस्तर बोललो. पंधरा मिनिटं. दिपेशचं उदाहरण दिलं, नाव घेऊन. मग त्याला बोलावलं – आणि गिरणी! तीच!

पंखा परत जोडलास ना? "नाही सर, काढलेलाच आहे." अरे, मला कान आहेत. "आईशप्पथ सर." मी म्हटलं, रेडिओवर शपथा घेत नाहीत, आणि खोटंही बोलत नाहीत.

हे जरा जास्त झालं असेल. पण लबाडी मला सहन होत नाही.

तो म्हणाला, "मग सर, मी माइकचं बटण सोडतच नाही. बोलत राहतो. तुम्ही ऐका आणि सांगा." आणि बोलत सुटला. घराचा पत्ता. पत्र्याचं छप्पर. गल्लीतल्या बावीस घरांपैकी कोणाकडे म्हातारं माणूस आहे, कोणाची जिना चढायची पंचाईत आहे. पाणी आलं तर आधी कोणाला काढायचं, त्याची सगळी यादी. चार-पाच मिनिटं. घरघर हळूहळू कमी झाली आणि मग थांबलीच. मी मनात म्हटलं, घाबरून पंखा गुपचूप काढला वाटतं! त्यानंतरही तो थोडा वेळ बोलत होता. "शेवटच्या घरात ठमाबाई, त्यांना ऐकू कमी येतं, दार वाजवून उपयोग नाही, खिडकीतून..." आणि एकदम बंद. परत बोलावलं. तीनदा बोलावलं. काही नाही.

रसिका म्हणाली, "सर, त्याचा सेट गेला का हो?" मी म्हटलं, रुसला असेल.

२० मे

सेटच गेला. सलिलने त्याला फोन केला होता. पंख्याशिवाय सलग बोलणं, वर पत्रा, खाली मे महिना. आतला मुख्य भाग जळला. सेट जुना, सेकंडहँड, तो भाग आता मिळत नाही.

यादी पाठवली. आंबिवलीवर रेघ मारून.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण सुरुवातीलाच एक बरा पंखा आणून लावला असता तर ही वेळ आली असती का? असं हेमाला म्हणालो. ती भाजी निवडत होती.

२३ मे

आंबिवली नाही, म्हणून माझ्यानंतर थेट कोपर. आणि सलिलच्या मागे घरघर! हा काय साथीचा रोग आहे? म्हटलं, सलिल, तुझाही पंखा? "काका, माझा हातातला वॉकी आहे. याला पंखा नसतो."

मग डोक्यावरचा असेल. "बरं काका, बंद करतो."

२४ मे

सलिलने घरातले सगळे पंखे बंद करून हजेरी दिली. घामाघूम झालो म्हणाला. घरघर होतीच. त्याच्या शेजाऱ्यांचे पंखे असतील. या बिल्डिंगा म्हणजे पुठ्ठ्याच्या.

हेमा दारात उभी राहून ऐकत होती. पदर तोंडाला लावला होता. बाम लावलाय म्हणाली.

१ जून, रविवार

सराव झाला. रसिकाने ठाण्याची बाजू चांगली सांभाळली. संपल्यावर मीही तिथे गेलो. मोठ्या टेबलामागच्या साहेबांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, "आंबिवली? नदी तर इथेच आहे ना?" तांत्रिक अडचण, असं सांगितलं. त्यांनी मान हलवून पुढचं विचारलं. मला मात्र ती बावीस घरं आठवत होती. खिडकीतून काय? ठमाबाईंना खिडकीतून हाक मारायची की काठीने ढोसायचं? ते राहूनच गेलं.

३ जून

सातला पाच कमी आणि वीज गेली. मी कसला थांबतोय! कालच भरून ठेवलेली बॅटरी जोडली आणि नेट वेळेवर उघडलं. सरावाचा आढावा घेतला, वीस मिनिटं. मग सलिल. एकदम स्वच्छ! म्हटलं, शाबास, कोपरलाही वीज नाही वाटतं? म्हणून शेजाऱ्यांचे पंखे गप्प! "नाही काका, इथे आहे की वीज."

तेवढ्यात आमच्याकडे आली. ट्यूब लागली. बॅटरी आपोआप चार्जिंगला लागली, पायाशी पॉवर सप्लायच्या पेटीचा दिवा लागला – आणि दोन मिनिटांत स्पीकरच्या शेजारून, माझ्या पायाजवळून, ती गिरणी.

हेमा स्वयंपाकघरातून म्हणाली, "आले बघा तुमचे दिपेश!"

मी वाकून पेटीला हात लावला. गरम होती. पाठीमागची पंख्याची जाळी हाताला थरथरत होती. माझं प्रास्ताविक जितकं लांब तितकी ती तापणार, तापली की तिचा पंखा सुरू, निवली की बंद, आणि माझं संपलं की पहिला नंबर आंबिवलीचा. अठरा तारखेला माझा घसा बसला होता. एकोणीसला सुटला.

हजेरी अर्धवट टाकून नेट बंद केलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. हेमा चहा घेऊन आली तेव्हा मी जमिनीवरच बसलो होतो. "मी मे महिन्यापासून सांगतेय," म्हणाली, "तुमचं भाषण संपलं की इथे बसवत नाही." मग माझ्याजवळ खाली बसली. केर न काढलेल्या फरशीवर.

४ जून

माझा दुसरा सेट बासनात बांधला, उद्या आंबिवलीला घेऊन जायचा म्हणून. मग दिपेशला फोन केला. सगळं सांगितलं, माफी मागितली.

"माहीत होतं सर. तुमचं बोलणं लांबलं की शेवटी शेवटी तुमच्या मागे आवाज चालू व्हायचा. सगळ्यांनाच यायचा ऐकू."

अरे, मग स्वतःचा पंखा का काढलास?

"मला वाटलं, माझा पण वाजत असेल. तुम्ही खोटं कशाला बोलाल?"

फोन ठेवून वही काढली. तीन वर्षांत मला मिळालेला प्रत्येक रिपोर्ट पाच-नऊ. सगळ्यात जास्त आंबिवलीचे.