नलूच्या कवितेतलं जादा कडवं

२८ सप्टें., रवि. मु. धाड.
संध्याकाळी गल्लीत भुलाबाईची गाणी. पोरी टाळ्या पिटत काय म्हणतात म्हणून कान दिला, तर माझीच कविता! नलूवरची. बहीण जाऊन चार वर्षं झाली. आयुष्यात एकच बरी कविता लिहिली, तीही मुक्तछंद. शाळेच्या भित्तिपत्रकात लावली, ही माझीच अक्कल. 'सासूनं भाकर अर्धी दिली' म्हटलं की पोरी खदाखदा हसतात. एक तर सासूसारखी कमरेवर हात ठेवून नाचते. डोकं फिरलं.

२९, सोम.
नववीतली प्रांजली या टोळीची म्होरकी. तिला वर्गात उभं केलं. "काऊन गं, ही काय हसायची कविता आहे?"
"सर, भुलाबाईत सासूले हसतच असतात. आन् तुमची कविता टाळीवर लय भारी बसते."
मुक्तछंद टाळीवर बसतो! कपाळ माझं.

१ ऑक्टो., बुध.
आज आमच्याच अंगणात. हद्द झाली. वर पोरींनी स्वतःचं कडवं जोडलंय:
भाऊ आला जीप घेऊन,
चाल बाई माहेराले.
माझ्या कवितेत भाऊ नाहीच. मुद्दामच. नलूचा फोन आला होता, "दादा, न्यायले ये." मी म्हटलं, पेपर तपासायचेत, दिवाळीत येतो. दिवाळीआधीच ती...
पोरींना हे कुठून माहीत असणार. तरी ओरडलो. डब्यातला खाऊ ओळखायचा खेळही होऊ दिला नाही, हाकललं.

३, शुक्र.
दसरा झाला. आज मायनं विचारलं, "पोरीयले काऊन हाकललं?"
म्हटलं, नलूची थट्टा करतात.
"थट्टा तुले वाटते. मले तं तेवढ्या गाण्यापुरती नलू घरी येते."
 तरी चीड जात नाही. कविता माझी आहे की नाही? का एकदा भिंतीवर लावली की संपलं?

५, रवि.
उद्या कोजागिरी, भुलाबाईचा शेवटचा दिवस. प्रांजली वही घेऊन आली. "सर, तुम्हाले खपत नसंन तं भावाचं कडवं काढून टाकतो. सांगा."
सासूला हसा, ते एक वेळ चालेल. पण हे? काढ म्हणावं तर नलू सासरीच राहते. ठेव म्हणावं तर उद्या मायच्या शेजारी बसून मला ते ऐकावं लागेल.
पोरगी अजून ओसरीवर बसलीय.