चढावरची लेस

मंगळवार, परळी. दुकान बंद केल्यावर.

टाच बरी होत आलीय, पण मला एका जागी बसवत न्हाई. डॉक्टरनं पळणं बंद ठेवायला सांगितलेलं. त्यात आईनं मायेनं बिब्बा घातला, फोड आला, दुखणं आणखी लांबलं. दिवसभर तेलाच्या रिकाम्या डब्यावर पाय ठेवून गल्ल्यावर बसायचं, अन् येईल त्या गिऱ्हाइकाला टाचेची कथा सांगायची.

संध्याकाळी रमेश आणि बशीर दुकानासमोरून पळत गेले. आम्ही तिघं रोज पळायचो. दुकानासमोरच्या या चढावर मी हमखास लेस बांधायला बसायचो. लेस सुटलेली नसायचीच. बशीरला दम लागतो, त्याला लाज वाटू नये म्हणून बसायचो. निदान मला तसं वाटायचं. आज गडी सरळ चढून गेला, वर जाऊन मागंही बघितलं न्हाई.

परतताना दोघं पाणी प्यायला थांबले. मी विचारलं, "बशीर, आज दम न्हाई लागला?"

तो हसायला लागला. "मला कधी लागतो बे? तू लेस धरून खाली बसला की आमी मुद्दाम धापा टाकायचो. तुला वाईट वाटू नये म्हणून!"

रमेशनं मान डोलावली. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

तेव्हापासून घरात येरझाऱ्या चालल्यात. बायको म्हणते, "टाच दुखंल, बसा की." कसा बसू? लेस सुटलेली नसायची, बशीरला दम लागत नसायचा. मग थांबायचो कुणासाठी?

आत्ता पळायचे बूट बाहेर काढून लेस आवळली, दुहेरी गाठ मारली. चढावर थांबायला आता दुसरं काहीतरी शोधावं लागंल.