रानबेडकांच्या बादल्या

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू गेलास त्याच दुपारी मी शहरातली बैठक आटोपून परतले. रानात पुरलेल्या बादल्या पाहायला गेले, तर आठही पाण्याने भरलेल्या आणि त्यांत एकोणीस रानबेडूक मेलेले. रात्री ते बादलीत पडतात, सकाळी मोजून सोडून द्यायचे, एवढंच तर आमचं काम. टाकीचा नळ माझ्याकडूनच उघडा राहिला, पाणी निचरायची बुडाची भोकं गाळाने बुजली, असं मी साहेबांना सांगितलं. महिनाअखेर मला कामावरून कमी करणार म्हणतात.

तुला काही दिसलं होतं का? नसेल तर सोडून दे. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
बेडकी

१० मार्च

चि. बेडकीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून फार वाईट वाटलं. मला काही दिसलं नाही. नळच असेल. जिवाला लावून घेऊ नकोस.

परवा इथे किनाऱ्यावर एक कासवीण आली, शंभरावर अंडी घातली आणि मागे वळूनही न बघता समुद्रात गेली. तुमचा रानबेडूक मात्र जन्मभर एकाच ओढ्याला चिकटलेला, तुझ्यासारखाच घरकोंबडा! साहेबांचा राग निवळेल.

तुझा,
दादा

१६ मार्च

चि. बेडकीस,
अ. उ. आ.

मागचं पत्र खोटं होतं. ते टाकल्यापासून घास गिळवत नाही. पाणी मी भरलं.

संध्याकाळी बादल्या कोरड्या ठणठणीत दिसल्या. म्हटलं, बाईसाहेब बेडकांना तहानेने मारतात की काय! आमच्या कासव केंद्रात कासव आणलं की आधी पाण्यात सोडायचं, हाताला तीच सवय. भोकं बुजवली, ओढ्यावरून पाणी आणलं आणि तू शाबासकी देशील म्हणून खुशीत झोपलो. सकाळी मोजायचं कबूल केलं होतं, तेही टाळून पहिली बस पकडली.

कासव श्वासापुरतं वर येतं नि पुन्हा पोहत राहतं. रानबेडकाला पाय टेकायला जागा लागते. गुळगुळीत बादलीत त्याने किती वेळ धडपडावं? तेच सारखं डोळ्यांपुढे येतं.

साहेबांना सगळं लिहून कळवलं आहे. माझी नुकती कायम झालेली नोकरी गेली तर जाऊ दे. माफी मागायलाही तोंड नाही.

तुझा,
दादा

२४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

साहेबांनी मला ठेवलं आहे. तुझ्या वरिष्ठांना मात्र ते कळवणार आहेत, आणि मी त्यांना अडवलं नाही.

भोकांत गाळ नव्हता रे. तुझ्या निळ्या चौकटीच्या रुमालाच्या पट्ट्या होत्या, नीट फाडून घट्ट बसवलेल्या. पहिल्याच दिवशी मी त्या काढून लपवल्या. तुझं दहा तारखेचं पत्र आलं तेव्हा खूप रडले, बेडकांसाठी नव्हे.

सुट्टी मिळाली की ये. सकाळची मोजणी तूच करायची, मी शेजारी उभी राहीन. लोभ होता तेवढाच आहे, काळजी करू नकोस. पट्ट्या धुऊन ठेवल्या आहेत. आलास की घेऊन जा.

तुझी,
बेडकी