हिल्डामावशींनी न वाचलेलं पत्र

मिशनची शाळा, काँगो
रविवार दुपार

प्रिय आई आणि बाबा,

तुम्ही तिकडे मिशनवर सुखरूप आहात असं धरूनच लिहिते. आम्ही दोघी बहिणी मजेत आहोत. डॉर्कसचा ताप उतरला. स्वयंपाक करणाऱ्या बाई, मामा लोसाली, तिला म्हणतात, "पोरी, अजून केळी खाल्लीस तर शेपूट फुटेल तुला." मला गणितात पैकीच्या पैकी मिळाले.

रोज सकाळी एल्मरकाका शाळेच्या रेडिओवरून एकेका मिशनला हाक मारतात, तेव्हा मी खिडकीखाली उभी असते. पाच दिवस झाले, तुमच्याकडून उत्तर येत नाही. काका म्हणतात, बॅटरी उतरली असेल. पण बाबा, रेडिओला जीपची बॅटरी जोडता येते ना? आणि बंडखोर अजून नदीपलीकडेच आहेत ना?

आमची रविवारची पत्रं वसतिगृह सांभाळणाऱ्या हिल्डामावशी आधी वाचतात, हे तुम्हाला माहीतच आहे. देवाच्या कामात असलेल्या आईबापांना काळजी नको, म्हणून त्या रडगाणं दिसलं की पत्र फाडतात. मागे मी 'घरची आठवण येते' एवढंच लिहिलं होतं, तर पत्र तीनदा नव्याने लिहायला लावलं. आज मात्र माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुला काय हवं ते लिही गं. मी नाही वाचणार."

तेव्हापासून मला फार भीती वाटतेय.

डॉर्कसला काही सांगितलेलं नाही. बाबा, उद्या सकाळी रेडिओवर बोलता आलं नाही तर नुसतं खोका. मी ओळखीन.

तुमचीच,
व्हर्ना